घास, मोबाईल आणि बोबडे बोल

परवा सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक आजी अडीच वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आत आल्या. मागोमाग सूनबाई होत्या. तक्रार दोघींची वेगवेगळी होती. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, पोरगं काही खात नाही, भुकेचं औषध द्या." सूनबाईंनी जरा थांबून, खालच्या आवाजात सांगितले, की 'मम्मा' आणि 'दे' सोडले तर तिसरा शब्द अजून तोंडातून निघत नाही. मी वजन केले. अकरा किलो दोनशे ग्रॅम. अगदीच काळजीचे नाही, पण कमीच. गळ्यातला स्टेथोस्कोप पाहून मुलाने भोकाड पसरले, तशी आजींनी पिशवीतून मोबाईल काढला, दोनदा बोट फिरवले आणि त्याच्या हातात दिला. रडणे जागच्या जागी थांबले. मग मी पोट दाबून पाहिले, घसा पाहिला, कानात बॅटरी मारून पाहिली. त्याने एकदाही माझ्याकडे मान वर करून पाहिले नाही.

"बघा किती गुणाचा आहे," आजी कौतुकाने म्हणाल्या.

मला मात्र ते कौतुक वाटले नाही. अडीच वर्षांच्या मुलाने अनोळखी माणसाला पाहून रडावे, आईच्या पदरात तोंड लपवावे, मग हळूच एका डोळ्याने त्या माणसाकडे पाहावे, हीच खरी निरोगी मुलाची वागणूक. दवाखान्यातल्या रडण्याचा मला गेल्या तीस वर्षांत कधी त्रास वाटला नाही. अलीकडे न रडणाऱ्या मुलांचीच काळजी वाटू लागली आहे.

चौकशी केली तेव्हा कळले, की मूल आठ महिन्यांचे असल्यापासून प्रत्येक घास मोबाईल पाहतच भरवला जातो. सकाळी दूध-पोळी, दुपारी वरणभात, रात्री पुन्हा वरणभात. एकेका जेवणाला पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे केवळ जेवणापायी दिवसाचे सव्वादोन ते तीन तास झाले. आजोबांच्या मांडीवर बसून पाहतो तो वेळ वेगळा. "पण डॉक्टर, मोबाईल दिला नाही तर एक घास घेत नाही," हे वाक्य मी महिन्यातून निदान दहा वेळा ऐकतो.

या दोन तक्रारी वरवर वेगळ्या दिसतात, पण पुष्कळदा त्या एकाच ताटातल्या असतात. आधी जेवणाचे पाहू. पडद्याकडे पाहत असलेले मूल तोंड उघडते, कारण तोंडाला चमचा लागतो म्हणून. भूक लागली म्हणून नव्हे. पोट भरल्याचेही त्याला समजत नाही. काही मुले घास गालात तसाच धरून ठेवतात, त्यामुळे दात किडतात. जेवण झाले नाही म्हणून आई मग दुधाची बाटली देते, दुधाने पोट भरते, पुढच्या जेवणाला भूक राहत नाही. दुधात लोह फारसे नसते, त्यामुळे अशा मुलाचे रक्त कमी निघते, आणि रक्त कमी असले की भूक आणखी मंदावते. भुकेचे म्हणून जे औषध लोक मागतात, त्यांतल्या काहींनी मुलाला गुंगी येते. ती डॉक्टरांना न विचारता दुकानातून आणू नयेत. मी त्या आजींना औषध दिले नाही. त्या नाराज होऊन गेल्या, हे कबूल करतो.

आता बोलण्याविषयी. पुष्कळ पालकांचा समज असा, की मोबाईलवरची गाणी, प्राण्यांची नावे, एबीसीडी ऐकून मूल लवकर बोलेल. समज चुकीचा आहे, पण तो होणे स्वाभाविक आहे. शब्द तर तेच असतात, मग फरक काय पडतो? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील सिॲटल शहरात पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी फार सोप्या प्रयोगाने शोधले. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे घेतली, ज्यांच्या घरी फक्त इंग्रजी बोलत. त्यांतल्या काहींना चिनी भाषा बोलणाऱ्या माणसांनी समोर बसून, खेळणी दाखवत, पुस्तक वाचत बारा वेळा भेटी दिल्या. प्रत्येक भेट पंचवीस मिनिटांची. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसे, तेच बोलणे, तेवढाच वेळ, पण टीव्हीच्या पडद्यावर दाखवले. नंतर तपासणी केली तेव्हा समोर माणूस असलेली बाळे चिनी भाषेतले बारीक ध्वनी ओळखू लागली होती. पडद्यावर पाहिलेली बाळे मात्र चिनी न ऐकलेल्या बाळांच्या पुढे गेली नव्हती.

कारण उघड आहे. समोरची आई बाळाने हुंकार दिला की थांबते, हसते, तोच हुंकार परत देते. बाळ चमच्याकडे पाहते तेव्हाच ती 'चमचा' म्हणते. बाळाने तोंड फिरवले की ती विषय बदलते. मोबाईलमधले कार्टून बाळ रडले काय आणि झोपले काय, आपले बोलतच राहते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. घरात नुसता टीव्ही चालू असला, मूल त्याकडे पाहत नसले, तरी मोठी माणसे आपोआप कमी बोलतात. अमेरिकेत मुलांच्या अंगावर लहानसे ध्वनिमुद्रक बांधून हे मोजले गेले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, टीव्हीच्या आवाजाच्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० नी कमी झालेले आढळले. आपल्याकडे संध्याकाळी सात ते दहा मालिका चालतात. हिशेब वाचकांनीच करावा.

म्हणजे मोबाईलच्या पडद्यात काही विष आहे असे नव्हे. तो ज्या गोष्टींची जागा घेतो, त्या गोष्टी मुलाला मिळत नाहीत, हे खरे दुखणे आहे. भात भरवताना काऊ दाखवणे, चिऊ दाखवणे, 'हा घास आजीचा, हा घास आत्याचा' म्हणणे, यात जेवण, भाषा, नातीगोती आणि मोजणी एकदमच चाललेली असते. पूर्वीच्या बायका काही बालमानसशास्त्र शिकल्या नव्हत्या, आणि पूर्वी सगळेच छान होते असेही मी म्हणणार नाही. त्या काळी गोवराने आणि जुलाबाने किती मुले जात हे मी जाणतो. पण एवढी एक गोष्ट त्यांच्याकडे होती आणि ती फुकट होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी याविषयी मार्गदर्शन केले आहे. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पडदा नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तितके चांगले. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास हाच आहे: दोन वर्षांपर्यंत बंद, दोन ते पाच वर्षे एक तासाच्या आत आणि तोही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. या एका तासात टीव्ही, मोबाईल, टॅब सगळे आले. बाबांचा एक तास, आजोबांचा एक तास असे वेगवेगळे खाते नसते.

नोकरीनिमित्त पुण्याला किंवा आखातात असलेल्या वडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे मात्र यात धरू नये. समोर जिवंत माणूस असतो, तो मुलाच्या हसण्याला हसतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनीही लहान बाळांसाठी तेवढी एक सवलत ठेवली आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून, मध्ये मध्ये थांबवून, "हा कोण रे? आता काय करेल?" असे विचारत एखादी गोष्ट दाखवली तर त्यातही गैर काही नाही. यंत्र आपल्या हातात असावे, मुलाच्या हातात नसावे. एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय मोबाईलमध्ये बंद करता येते, ती बंद करावी. एक संपला की संपला, हे मुलाला कळले पाहिजे.

येथे मला आयांच्या बाजूने दोन शब्द बोलावेसे वाटतात. दवाखान्यात आलेले घरचे लोक सरळ सुनेकडे बोट दाखवतात. पण सकाळी पाण्याचा नळ, डबे, धुणे, सासऱ्यांचे पथ्य, आणि त्यातच दोन वर्षांचे धावते मूल, असा ज्या बाईचा दिवस आहे तिने वीस मिनिटे मोबाईल दिला तर तिला दोषी ठरवण्याआधी घरातल्या इतरांनी त्या वीस मिनिटांत आपण काय करत होतो ते आठवावे. बहुतेक वेळा उत्तर येते, मोबाईल पाहत होतो. माझ्या स्वतःच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत मी मोठ्या हौसेने टीव्ही लावला होता. दोन वर्षांपूर्वी तो काढला आणि तिथे चार पाट्या, खडू आणि प्लॅस्टिकचे जुने डबे ठेवले. गोंगाट वाढला. कंपाउंडर कुरकुरतो.

मोबाईल काढून घ्यायचा तर हाती द्यायचे काय, हा खरा प्रश्न. महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा शिंपले, खडे, पाने, बिया अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंचेच साहित्य केले. आपल्या घरात तर याहून जास्त आहे. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला स्वयंपाकघरात एक खालचा कप्पा मोकळा करून द्यावा, त्यात वाट्या, झाकणे, पळी, गाळणी ठेवावी. दोन वर्षांच्या मुलाला कणकेचा गोळा द्यावा, तो तुमच्या पोळ्या होईपर्यंत पुरतो. बादलीभर पाणी आणि दोन तांबे दिले तर तासभर मूल कुठे जात नाही, फक्त पाण्याजवळ त्याला एकटे सोडू नये. तीन-चार वर्षांची मुले मेथी निवडतात, मटार सोलतात, कपड्यांच्या घड्या घालतात. घड्या वाकड्या होतात, होऊ द्याव्यात.

याचा संबंध केवळ करमणुकीशी नाही. बालवाडीच्या शिक्षिका अलीकडे सांगतात, की मुलांना पेन्सिल धरता येत नाही, दोन ओळीत हात दुखतो. काचेवर बोट फिरवायला जोर लागत नाही. सागरगोटे झेलताना, भोवऱ्याला दोरी गुंडाळताना, भातुकलीतले इवलेसे झाकण उघडताना बोटांचे बारीक स्नायू तयार होतात. लंगडीने तोल येतो. लगोरी आणि डबा ऐसपैसमध्ये आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, बाद झाल्यावर रडून चालत नाही, आणि चिडका मुलगा दुसऱ्या दिवशी खेळात घेतला जात नाही. ही शिकवण आईबापांच्या उपदेशाने येत नाही.

डोळ्यांचेही तसेच आहे. लहान वयात चष्मा लागण्याचे प्रमाण वाढले आहे, आणि त्याला जवळचे पाहणे जितके कारण तितकेच उन्हात न जाणे कारण आहे. घरातला उजेड आपल्याला लख्ख वाटला तरी बाहेरच्या दिवसाच्या उजेडापुढे तो फारच थोडा असतो. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचे द्रव्य तयार होते व ते बुबुळामागचा गोळा लांबट होण्याला आळा घालते असे मानतात. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर ठेवून तीन वर्षांनी तपासले. बाहेर ठेवलेल्या मुलांपैकी सुमारे तीस टक्क्यांना लांबचे कमी दिसू लागले होते, तर इतरांमध्ये हेच प्रमाण सुमारे चाळीस टक्के होते. २०१५ सालचे हे निष्कर्ष आहेत. केवळ चाळीस मिनिटे! आपल्याकडे ऊन देवाने फुकट दिले आहे. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, इतर दिवसांत केव्हाही, मुलाला अंगणात, गच्चीवर, देवळाच्या आवारात न्यावे. रस्त्यावरची वाहने आणि भटकी कुत्री यांची भीती खरी आहे, म्हणून सोबत मोठे माणूस हवेच. निवृत्त आजोबांना यापेक्षा चांगले काम मला सुचत नाही. त्यांची साखरही आटोक्यात राहते.

खेळाच्या भरात दोन धोके मात्र विसरू नयेत. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके, मणी, शेंगदाणे, हरभरे देऊ नयेत. शेंगदाणा श्वासनळीत अडकलेले मूल ज्याने एकदा पाहिले आहे तो पुन्हा तसे होऊ देत नाही. दुसरा धोका नवा आहे. आवाज करणाऱ्या, दिवे लागणाऱ्या स्वस्त खेळण्यांत आणि छोट्या रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजते. शी वाटे पडेल म्हणून वाट पाहू नये, उलटी करवू नये, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. ज्या खेळण्याच्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही ते खेळणे घेऊच नये.

मोबाईल सोडवायचा कसा? एकदम सगळा बंद केल्याने घरात युद्ध होते आणि तिसऱ्या दिवशी आजोबा तह करतात. मी सांगतो, आधी फक्त जेवणाचा मोबाईल बंद करा. मुलाला सर्वांबरोबर खाली पंगतीत बसवा, स्वतःचे ताट द्या, हाताने खाऊ द्या. सांडेल. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचला, रागावू नका, मागे लागू नका, आणि पुढच्या जेवणापर्यंत बिस्कीट, बाटलीभर दूध देऊ नका. पाणी द्या. पहिले तीन-चार दिवस मूल रडेल, कमी खाईल. एरवी धडधाकट असलेले मूल त्याने आजारी पडत नाही. मात्र मूल ताप-जुलाबातून उठलेले असेल किंवा वजन फारच कमी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. घरातल्या सर्वांचे मोबाईल त्या वेळी एका उंच फळीवर गेले पाहिजेत. वडील एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने मोबाईल पाहत असतील तर मुलाला नाही म्हणण्याचा अधिकार घरात कोणालाच उरत नाही. जेवणाचे जमले की मग झोपण्यापूर्वीचा तास घ्यावा.

एवढे सगळे लिहिल्यावर आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगायला मला बरे वाटत नाही. २०२१ च्या पावसाळ्यात माझ्याकडे दोन वर्षांची एक मुलगी आली होती. बोलत नव्हती. टाळेबंदीचा काळ होऊन गेलेला, अंगणवाड्या बंद, घराघरात मुले मोबाईलला चिकटलेली. तिच्याही हातात मोबाईल होता. मी तिच्या आईला वर लिहिले आहे तेच सगळे सांगितले, जरा कडक शब्दांत, आणि सहा महिन्यांनी या म्हटले. आईने मोबाईल खरोखर बंद केला. दिवसभर ती मुलीशी बोलत असे, खेळत असे. त्या आल्या नऊ महिन्यांनी. मुलगी हसरी झाली होती, नजरेला नजर देत होती, बोट दाखवून मागत होती, पण शब्द एकही नव्हता. तेवढ्यात वाऱ्याने दवाखान्याचे दार दाणकन आपटले. मी दचकलो, आई दचकली. मुलगी पाटीवर रेघा काढत राहिली.

कानाची तपासणी करवली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होते, आणि ते बहुधा जन्मापासून. अहवाल घेऊन आई आली तेव्हा तिने मला दोष दिला नाही. तिने एवढेच विचारले, "डॉक्टर, नऊ महिने मी तिच्याशी बोलत होते, तिला ते ऐकूच येत नव्हतं का?" मला उत्तर देता आले नाही. मुलीला आता श्रवणयंत्र आहे, वाणी प्रशिक्षण झाले, शाळेत जाते. पण भाषा शिकण्याच्या वयातले नऊ महिने गेले ते माझ्यामुळे. मोबाईल समोर दिसत होता, म्हणून मी त्याला पकडले आणि पुढे पाहिलेच नाही.

म्हणून पालकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे, मूल उशिरा बोलते म्हटले की सर्वप्रथम कान. मोबाईल लगेच बंद करावाच, पण तपासणी थांबवू नये. वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, सव्वा-दीड वर्षाचे मूल बोटाने वस्तू दाखवत नसेल, दीड वर्षाला अर्थ असलेला एकही शब्द नसेल, दोन वर्षांना 'पाणी दे', 'बाबा आले' असे दोन शब्द जोडता येत नसतील, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात बंद झाले असतील, तर "याचे वडीलही उशिराच बोलले" असे म्हणून वाट पाहू नये. स्वमग्नता, ज्याला ऑटिझम म्हणतात, तीही अशाच खुणांनी ओळखू येते. ती मोबाईलमुळे होते असे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे आईने स्वतःला कोसत बसू नये. लवकर उपचार सुरू होणे महत्त्वाचे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अशा मुलांच्या तपासणीची सोय आहे. या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येतात, त्यांच्याकडे मुलाचे नाव आवर्जून द्यावे. पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केलेली आहेत. आपल्या भागातली चौकशी अंगणवाडीताईंकडे किंवा आशाताईंकडे करावी.

परवाच्या त्या मुलालाही मी आधी तिथेच पाठवले आहे. येत्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. आजींना ते पटलेले नाही, "आवाज दिला की बघतो की," असे त्या म्हणतात. पण थोडे ऐकू येणे आणि शब्द शिकण्याइतके ऐकू येणे यात फरक आहे, आणि सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचले असले तरी मूल निम्मेच ऐकते. बेरा नावाची ही तपासणी मूल झोपेत असताना करतात. दुखत नाही. म्हणून त्या दिवशी मुलाला पहाटे लवकर उठवावे, वाटेत गाडीत झोपू देऊ नये, तिथे पोचल्यावर पोटभर खाऊ घालावे आणि मगच झोपवावे. झोपेचे औषध द्यावे लागेल असे तिथल्या डॉक्टरांनी आधी सांगितले असेल, तर उपाशी ठेवायचे की नाही तेही त्यांनाच विचारून घ्यावे. सर्दी वाहत असेल तर ते तपासणीपूर्वी सांगावे, आणि अहवाल हरवू नये, मुलाच्या लसीकरणाच्या कार्डातच घालून ठेवावा.